लपवलेलं घड्याळ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात एक उद्योग केला. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कॉम्प्युटरवर एक खेळ बनवला! हसू नका. पाढ्यांचा खेळ आहे, 2 ते 30. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली मुलांसाठी 'स्क्रॅच' नावाची फुकट भाषा काढली. तिच्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात. मुलांना जमतं तर मास्तरला का जमू नये?

जमलं. पण कसं, ते ऐका. दोनाच्या पाढ्याचा डोलारा उभा केला, तिनासाठी त्याचीच नक्कल मारली, चारासाठी तिनाची. असे 29 डोलारे! मग टाळ्या वाजवणारं माकड आलं, नाणी आली, घड्याळ आलं. 'गुण', 'गुण2', 'खरेगुण' अशी तीन खाती झाली. आम्ही वाटूर फाट्याची माणसं, परतूरची वाट कुठली आणि मंठ्याची कुठली हे डोळे झाकून सांगू. पण माझ्या प्रोग्रामला इतके फाटे फुटले की कुठली वाट कुठे जाते हे मलाच कळेना.

तरी खेळ चालत होता. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, चालतंय ना? मग हात लावू नका." मी लावला नाही.

एके दिवशी शेजारची चौथीतली पोर खेळायला बसली. पडद्यावर सात आठे. तिने सावकाश विचार करून 56 टाकले. यंत्र म्हणालं, चूक. तिने माझ्याकडे पाहिलं, थोडी थांबली आणि 54 टाकले. तेही चूक. मग खालच्या मानेने म्हणाली, "आजोबा, मला सातचा पाढा येत नाही."

येत होता हो तिला! चाळीस मुलांच्या वर्गात ज्या गोष्टीची मी आयुष्यभर धास्ती घेतली, ती माझ्याच यंत्राने केली. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला खोटं पाडलं.

रात्री शोधत बसलो. मुलं घाबरतात म्हणून घड्याळ मी पडद्यावरून केव्हाच लपवलं होतं. त्याचे ठोकळे मात्र साताच्या डोलाऱ्यात तसेच जिवंत होते. वेळ संपली की मोजणी गुपचूप एकाने पुढे सरकायची, पडद्यावरचा प्रश्न मात्र तोच. पोरीला दिसत होते सात आठे, आणि आत उत्तर ताडून पाहिलं जात होतं 63 शी!

मग कात्री घेतली. आधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली. एका वेळी एकच गोष्ट काढायची, आणि काढली की साताचा पाढा पहिल्यापासून दहापर्यंत मुद्दाम सावकाश खेळून पाहायचा. काढायच्या दिवशी नवीन काही जोडायचं नाही. घड्याळ गेलं, नाणी गेली. माकड काढताना जीव तुटला, दोन दिवस खपून चितारलं होतं. शेवटी 29 डोलाऱ्यांचा एक झाला. कुठला पाढा आणि कितवा आकडा, एवढे दोनच कप्पे. प्रश्नही त्यांतूनच निघतो आणि उत्तरही.

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टेरी कॅव्हना नावाच्या माणसाचा 'व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही' (होय, सहा वेळा व्ही!) हा खेळ 2010 साली आला आणि गाजला. 2020 साली त्याने त्याचा कोड सर्वांना खुला केला, तर आत शेकडो क्रमांकांच्या फाट्यांची एकच भलीमोठी यादी! गुंता असूनही खेळ उत्तम चालला. पण तो लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता. मला दिवाळीत लिहिलेलं होळीला आठवत नाही. आणि उद्या मी नसताना हा खेळ कुणी उघडला तर?

आमच्या पिढीने असा उपसा एकदा पाहिला आहे. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 14 नियम आले (1972 साली ते 18 झाले) आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव'चं 'नाव' झालं. जुन्या मंडळींना हळहळ वाटली, पण उच्चार बदलला नाही की अर्थ बिघडला नाही. पुढच्या मुलांचं ओझं तेवढं उतरलं. प्रोग्रामलाही हीच कसोटी लावावी. काढल्याने उच्चार बदलत नसेल तर ते काढावं. नुसतं लपवू नये.

परवा त्या पोरीला बोलावून सांगितलं, "बाळ, चूक तुझी नव्हती, माझी होती." तिने विचारलं, "मग यंत्र चूक का म्हणालं?" तिला नवे ठोकळे दाखवले. तिने ते बोट ठेवून, वरून खाली, स्वतः वाचले. जुन्या गुंत्यात मी तिला काय दाखवणार होतो? मुलाने 'का' विचारलं तर उघडून दाखवता यावं, प्रोग्राम इतपत तरी सोपा असावा, असं माझं मत.

असो. तुमचे असले उद्योग असतील तर जरूर कळवा. आणि भाचा हे वाचत असेलच. बाबा रे, हात लावला बरं का!