आजींची पिशवी काउंटरवर उपडी करा

गुडघेदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली डायक्लोफेनॅक. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी. साखरेसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, आणि लेकीकडे राहायला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेली आणखी एक गोळी; नाव वेगळं, आत पुन्हा ग्लिमेपिराइडच. सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही आजींच्या पिशवीत असा ऐवज सापडू शकतो.

चिठ्ठ्या सुट्या वाचल्या तर एकीतही चूक दिसणार नाही. पण डायक्लोफेनॅक आणि बीपीच्या गोळीतली दोन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर ते अचानक निकामीही होऊ शकतं. ग्लिमेपिराइड दुप्पट गेलं तर रात्री साखर घसरते, दरदरून घाम फुटतो, तोल जातो. घरचे म्हणतात, वय झालं.

या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात त्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये. म्हणून त्या तपासायच्याही तिथेच. ही मागणी नवी नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांत हे काम स्पष्ट लिहिलेलं आहे: तेच औषध दोनदा जातंय का, औषधं एकमेकांना बाधतात का, मात्रा चुकली आहे का, अ‍ॅलर्जी आहे का, हे फार्मासिस्टने पाहायचं. औषध बदलायचं नाही; शंका आली की डॉक्टरांना फोन करायचा.

प्रत्यक्षात अनेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आणि औषध देणारा मुलगा भलताच. १९४८ च्या फार्मसी कायद्याला हे मान्य नाही. हे थांबलंच पाहिजे. पण नुसत्या धाडींनी भागणार नाही, कारण दुकानाची कमाई विक्रीवर. पंधरा मिनिटं बसून पिशवी तपासण्याचं मोल कोणी देत नाही. ऑस्ट्रेलियात ते सरकार देतं. २००१ पासून तिथे डॉक्टरांच्या शिफारशीवरून फार्मासिस्ट रुग्णाच्या घरी जातो, सगळी औषधं पाहतो आणि डॉक्टरांना अहवाल देतो. आपल्याकडे निदान ज्येष्ठांसाठी सरकारी आरोग्य योजनांतून याची सुरुवात व्हावी.

तोवर एक प्रश्न फुकट विचारता येतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. पट्टी हातात देताना फार्मासिस्टने विचारावं, ‘आजी, ही कोणत्या वारी घेता?’ आणि पाकिटावर ठळक लिहावं: फक्त रविवारी.