हातोडा पडल्यानंतरची उधारी

हातोडा पडताच लिलावाची विक्री पुरी होते, असे १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम सांगत असले, तरी संगणकाच्या पडद्यावर अखेरच्या क्षणी बोली चढवून जुने नाणे पटकावणारे आणि पैशाचे नाव निघताच मौनव्रत धारण करणारे जे सद्गृहस्थ असतात, त्यांच्यापुढे विक्रेता हतबलच असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो मला मान्य नाही. ११ व्या कलमान्वये, करारात निराळा उद्देश दिसत नसेल तर पैसे देण्याची मुदत हे कराराचे मर्म मानले जात नाही. म्हणून लिलावाच्या जाहिरातीतच मुदतीची तारीख, आणि ती चुकल्यास व्यवहार रद्द होईल ही अट, स्पष्ट नमूद करावी. (आपल्याकडे संकोच वाटतो तो उधारी मागणाऱ्यालाच!) रक्कम पोचेपर्यंत माल स्वाधीन करू नये, सौजन्यपूर्ण स्मरणपत्रालाही दाद न मिळाल्यास ५४ व्या कलमानुसार फेरविक्रीची रीतसर नोटीस द्यावी, म्हणजे वाजवी मुदतीनंतर माल दुसऱ्यास विकून आलेला तोटा पहिल्या बोलीदाराकडून मागण्याचा हक्क शाबूत राहतो. दोनशे रुपयांच्या नाण्यापायी दिवाणी दावा लावणे मात्र अव्यवहार्य; तेथे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला पत्र लिहावे, तो बहुधा अजून हळहळत असतो.