काट्यावरचा दाब आणि भांड्यातली हवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून वाढलेल्या शहरांच्या पट्ट्यात काचेची भांडी वाफेवर निर्जंतुक करण्याचे काम तीन ठिकाणी रोज चालते: औद्योगिक वसाहतींतील औषध व रसायन कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागांत, रुग्णालयांना जोडलेल्या किंवा स्वतंत्र पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत. या तिन्ही ठिकाणांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी त्यांचे उपकरण एकच, दाबाखालच्या वाफेची बंद टाकी म्हणजे ऑटोक्लेव्ह, आणि त्याविषयीचा एक समजही बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो, तो असा की दाबमापकाचा काटा पंधरा पाउंडांवर येऊन पंधरा मिनिटे झाली की आतले सर्व काही निर्जंतुक झाले. हा समज अर्धाच खरा आहे, आणि राहिलेल्या अर्ध्या भागातच प्रयोगाचे अपयश आणि अपघात या दोन्हींची कारणे दडलेली असतात.

दाब जंतूंना मारत नाही. दाबाचे काम एवढेच की पाण्याचा उत्कलनबिंदू वर चढावा आणि वाफ १०० ऐवजी १२१ अंश सेल्सिअसला मिळावी. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला १५ पाउंड जास्त दाब असला, म्हणजे एकूण दाब सुमारे दोन वातावरणांचा झाला, की शुद्ध वाफेचे तापमान तेथे पोहोचते. अशी वाफ थंड काचेला स्पर्श करताच पाणी होते आणि तसे होताना दर ग्रॅममागे पाचशेहून अधिक कॅलरी उष्णता काचेला देऊन टाकते. या दडलेल्या उष्णतेला सुप्त उष्मा म्हणतात. तीच उष्णता आणि तोच ओलावा मिळून जंतूंतील प्रथिने गोठवतात. काही जिवाणू प्रतिकूल काळात जाड कवचाचे जे सुप्त रूप धारण करतात, त्या बीजाणूंनाही हा मारा सोसत नाही. कोरड्या हवेला हेच काम करायला १६० अंशांवर दोन तास लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे वाफेचे सामर्थ्य तिच्या ओल्या स्पर्शात आहे हे कळते. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबेरलाँ यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह घडवला तो याच तत्त्वावर.

वाफेच्या या स्पर्शाच्या आड येते ती हवा. काटा एकूण दाब दाखवतो आणि तो वाफेचा किती व हवेचा किती हे सांगत नाही. सर्व हवा निघून गेली असेल तर पंधरा पाउंडांवर १२१ अंश मिळतात, निम्मी हवा आत राहिली तर सुमारे ११२, आणि हवा मुळीच सोडली नाही तर काटा पंधरावर असूनही आतले तापमान १०० च्या आसपास अडकते. म्हणूनच झाकणावरची तोटी उघडी ठेवून वाफेचा सलग, न अडखळणारा झोत काही मिनिटे बाहेर येऊ द्यायचा आणि मगच ती बंद करायची, हा नियम वेळ वाचवण्यासाठी मोडण्याजोगा नाही. वेळेची मोजणीही काटा चढू लागल्यापासून नव्हे, तर आतले तापमान १२१ ला टेकल्यापासून सुरू होते, आणि मध्येच वीज गेली तर ती पुन्हा शून्यापासून करावी लागते.

हवा केवळ टाकीतच अडकते असे नाही. हवा वाफेपेक्षा जड असल्याने ती उभ्या ठेवलेल्या रिकाम्या चंचुपात्राच्या तळाशी साचून राहते, आणि वाफ तेथवर उतरतच नाही. रिकामी भांडी आडवी किंवा तिरकी ठेवणे, पिपेटच्या डब्यांची झाकणे सैल ठेवणे, बाटल्यांची फिरकीची टोपणे अर्धा फेरा मागे घेणे या साध्या गोष्टींवर निर्जंतुकीकरण अवलंबून असते. घट्ट टोपणाची कोरडी बाटली १२१ अंशांवर वीस मिनिटे ठेवली तरी तिच्या आत पोहोचतो तो फक्त कोरडा ताप, आणि तो बीजाणूंना पुरा पडत नाही. पुडक्यावर चिकटवलेल्या इंडिकेटर टेपवर उमटलेल्या काळ्या रेघांनी येथे फसू नये. पुडक्याच्या बाहेर उष्णता लागली, एवढेच त्या सांगतात.

आता सुरक्षिततेविषयी. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरते, आणि पंधरा पाउंडांच्या दाबाला त्यावर आतून सुमारे ७४० किलो वजनाइतका रेटा असतो. काटा एक पाउंडावर उतरल्यावरही जवळजवळ पन्नास किलोंचा रेटा शिल्लक राहतो. झाकणाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे, चिरलेले रबरी गॅस्केट लगेच बदलायचे, पाणी तापक कॉइलच्या वर असल्याची खात्री करायची आणि सुरक्षा झडपेला कधीही तार किंवा वजन बांधायचे नाही, यामागचे कारण हा आकडा आहे. देनी पापँ यांनी सतराव्या शतकात आपल्या वाफेच्या भांड्याला अशी झडप बसवली, तेव्हापासून तिचे काम बदललेले नाही.

तरीही झाकण उडण्यापेक्षा अधिक वेळा माणूस भाजतो तो जंतू वाढवण्यासाठीच्या द्रव माध्यमाने, आणि काटा शून्यावर आल्यानंतर. वाफ घाईने सोडली की टाकीतला दाब क्षणात उतरतो, पण फ्लास्कमधले अगारचे माध्यम अजून १०० अंशांच्या वरच असते. अशा अतितप्त द्रवाला जरासा धक्का बसला तरी तो एकदम उसळून बाहेर येतो. द्रव असेल तेव्हा वाफ सोडण्याऐवजी उपकरण आपोआप थंड होऊ द्यावे, तापमान ८० च्या खाली आल्यावरच झाकण उघडावे, तेही स्वतःच्या विरुद्ध बाजूने, चेहऱ्यावर ढाल आणि हातात उष्णतारोधक मोजे असताना. बाटल्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नयेत. बाहेर काढलेला फ्लास्क कडप्प्याच्या थंड ओट्यावर टेकवला की बोरोसिलिकेट काचही तडकू शकते, आणि साध्या काचेची बाटली तर हमखास, कारण साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ अडीच ते तीन पट प्रसरण पावते. औषधांच्या रिकाम्या बाटल्या धुऊन माध्यमासाठी वापरण्याची काटकसर म्हणूनच महाग पडते.

या पट्ट्यातील रसायन कारखान्यांच्या प्रयोगशाळांना एक धोका विशेष आहे. ज्या भांड्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन किंवा मिथेनॉलचा अंश उरला आहे ते ऑटोक्लेव्हमध्ये गेले की ज्वालाग्राही बाष्प बंद टाकीत साचते आणि तोटीवाटे खोलीत येते. हायपोक्लोराइटने धुतलेले भांडे न खंगाळता ठेवले तर विषारी वायू सुटतो आणि पोलादही खाल्ले जाते. रासायनिक आणि सूक्ष्मजीव विभागांची काच धुण्यापासूनच वेगळी ठेवणे हा यावरचा खरा उपाय आहे.

ऑटोक्लेव्ह नीट चालतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी कायद्याच्या दृष्टीनेही प्रयोगशाळेवरच येते. बाष्पक म्हणजे स्वतःबाहेर वापरण्यासाठी वाफ निर्माण करणारे पात्र, अशी बॉयलरविषयक कायद्याची व्याख्या असल्यामुळे, आपली वाफ आपल्यातच वापरणारा टेबलाशेजारचा ऑटोक्लेव्ह त्या व्याख्येत बसत नाही, आणि कारखान्याच्या बॉयलरप्रमाणे त्याची वार्षिक तपासणी करायला निरीक्षक येत नाही. दूषित संवर्धने टाकून देण्यापूर्वीची प्रक्रिया मात्र २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत येते. साध्या गुरुत्व पद्धतीच्या ऑटोक्लेव्हमध्ये त्यासाठी १२१ अंशांवर किमान ६० मिनिटे लागतात. स्वच्छ भांड्यांची पंधरा-वीस मिनिटे तेथे चालत नाहीत. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतासह जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवून ते बीजाणू मेले की नाही हे पाहणे, हीच पुराव्याची खरी कसोटी होय.

अशा पुराव्याचे मोल या पट्ट्यापासून लोकलच्या प्रवासाइतक्या अंतरावर, परळला, एका संस्थेने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. वाल्डेमार हाफकिन यांच्या तेथील प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी टोचल्यानंतर १९ माणसांना धनुर्वात होऊन मृत्यू आला, आणि बाटली परळला दूषित झाली की गावात उघडताना, हा वाद वर्षानुवर्षे चालला. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न धरता केवळ कार्बोलिकच्या द्रावणात बुडवून पुन्हा वापरला गेला, हे चौकशीत समोर आले असतानाही दोष प्रयोगशाळेच्या माथी राहिला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहीपर्यंत हाफकिन कलंक वाहत राहिले.

ऑटोक्लेव्ह चालवणारा माणूस बहुतेक ठिकाणी परिचर किंवा कंत्राटी कामगार असतो. त्याला कोणती तोटी कधी फिरवायची हे सांगितलेले असते, ती का फिरवायची हे क्वचितच सांगितले जाते. या मासिकाचा आग्रह असा की त्याला हवेचे आणि अतितप्त द्रवाचे कारण मराठीत समजावून द्यावे, प्रत्येक फेरीची नोंद त्याच्या सहीने ठेवावी, आणि शंका आल्यास फेरी नाकारण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा. टाकीतल्या निरनिराळ्या जागांचे तापमान टिपणारी प्रमाणित तापयुग्मे लहान लॅबला परवडत नसतील, तर तिन्ही शहरांतील महाविद्यालये, लॅब आणि औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांच्या संघटना यांनी मिळून असा एक संच घ्यावा, तो पाळीपाळीने फिरवावा आणि पावसाळ्यात ओल्या राहणाऱ्या पुडक्यांमुळे निर्जंतुकपणा टिकवणे अवघड होण्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक ऑटोक्लेव्हची तपासणी उरकावी.