‘काही कळले नाही’ याविषयी थोडेसे

यंदाच्या गॅदरिंगमध्ये वरच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांच्या चित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरले होते. शेवटच्या भिंतीवर माझी तीन चित्रे होती. दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली. गाडगेबाबांच्या पेन्सिल-चित्राला ‘अप्रतिम’, ‘हुबेहूब’ असे शेरे मिळाले. माझ्या वाट्याला एकच शेरा आला, निरनिराळ्या अक्षरांत अकरा वेळा: ‘काही कळले नाही.’ एकाने तर खाली ‘मॉडर्न आर्ट’ असे लिहून पुढे तीन उद्गारचिन्हे ठोकली होती.

राग आला, हे कबूल करतो. माझी चित्रे कच्ची होती, तेही कबूल. पण गणित कळले नाही तर आपण सरांकडे जातो आणि चित्र कळले नाही तर चित्रकाराला लबाड ठरवून घरी जातो, हे काही मला पटत नाही. त्याच दिवशी एक पाहुणे म्हणाले, “हे सारे तिकडच्या लोकांचे अनुकरण. मराठी माणसाच्या डोक्यातून असले काही निघायचे नाही.” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. नंतर आमच्या एका प्राध्यापकांनी एक पुस्तक वाचायला दिले. आज त्या पुस्तकाच्या बळावरच बोलतो आहे.

पुस्तकाचे नाव ‘कोरा कॅनव्हास’. लेखक चित्रकार प्रभाकर बरवे. जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे नोकरी विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी नक्षीकाम करण्याची. त्यातली सुरुवातीची वर्षे वाराणसीत गेली. तिथे तंत्रमार्गातली चिन्हे त्यांच्या चित्रांत शिरली, आणि काही वर्षांनी त्यांनी ती मागेही टाकली. १९९० मध्ये मौज प्रकाशन गृहाने हे पुस्तक काढले आणि १९९५ मध्ये बरवे गेले. आयुष्यभर ते डायऱ्या लिहीत होते. चित्र काढायचे आणि आपण ते कसे काढतो याचा विचारही लिहून ठेवायचा, असा त्यांचा क्रम. विचार मराठीत! शांता गोखल्यांनी पुस्तकाचा इंग्रजीत अनुवाद केला. एरवी आपण तिकडचे विचार मराठीत आणतो. इथे गाडी उलट दिशेने गेली. त्या पाहुण्यांना हे सांगायचे राहून गेले आहे.

आपल्या विदर्भाचाही या साऱ्याशी संबंध नाही असे नाही. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. पण वर्तमानपत्रात त्यांच्या चित्रांची बातमी येते ती कोटींच्या आकड्यांची. आकडा वाचून माणूस दिपतो, चित्राकडे काही तो वळत नाही. असो.

बरव्यांच्या चित्रांत काय असते? घड्याळ, पान, शिंपला, सेफ्टी पिन, ढग. म्हणजे न कळण्यासारखी एकही वस्तू नाही. अडचण दुसरीकडेच आहे. या वस्तू टेबलावर ठेवलेल्या नसतात. त्या मोकळ्या जागेत असतात, एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून. पान पानाएवढेच असेल असे नाही आणि घड्याळ वेळ दाखवीलच असेही नाही.

हे पाहिले आणि मला आठवीतली एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा आठवली. वस्तुचित्राच्या सरावाला समोर तांब्या, वांगे आणि घडी घातलेले कापड. मी वांगे जरा वरती काढले. खाली टेकवलेच नाही. का, ते आजही सांगता येत नाही. तिथे ते बरे वाटत होते, एवढेच. सरांनी कागद वर्गाला दाखवला. “याचे वांगे उडते बघा!” वर्ग हसला. मीही हसलो, आणि दुसऱ्या कागदावर वांग्याखाली काळीशार सावली घालून त्याला जमिनीवर आणले. परीक्षेत ग्रेड चांगली मिळाली. सरांचे चुकले असे मी म्हणत नाही. परीक्षेला वस्तू टेकलेलीच लागते. पण टेकलेली वस्तू पाहणे ही पाहण्याची एक रीत आहे, एकमेव नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर मधली सहा वर्षे मी ब्रश बाजूला टाकून बसलो नसतो.

बरव्यांचे पुस्तक मला नेमके हेच सांगते. वस्तू काढणे हे अर्धेच काम. ती ज्या अवकाशात आहे तो अवकाशही चित्रकाराला घडवावा लागतो. दोन वस्तू शेजारी आल्या की त्यांच्यामध्ये काहीतरी घडू लागते, आणि चित्राचा ‘अर्थ’ शोधायचा तर तो तिथे शोधावा. पुस्तक सोपे नाही. काही पाने मी तीन-तीनदा वाचली, काही अजून कळलेली नाहीत. तरी ते लिहिणारा माणूस रसिकाला हिणवणारा नाही, हे पानोपानी जाणवते.

दिवाळीत पुस्तक घेऊन दारव्ह्याला मामाकडे गेलो. मामा पेंटर. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मांजरपाटाचे कापडी फलक हे सगळे त्याने रंगवले. फ्लेक्स आले आणि धंदा बसला. मोबाइलवर बरव्यांचे एक चित्र त्याला दाखवले. त्याने बोटांनी ते मोठे केले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “हा त आपलाच ऑइलपेंट हाये लेका.”

मी चाट पडलो. कारण खरेच, बरवे बहुधा इनॅमल रंगात काम करीत. मामाच्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात असतो तोच प्रकार. हा रंग आपला आपण सपाट पसरतो, ब्रशाची खूण मागे ठेवत नाही आणि वाळल्यावर चकाकतो. मामा म्हणाला, “एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. यानं घाई केली नसन.” ‘अर्थ काय?’ हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. वहीत शेरे लिहिणाऱ्या अकरा जणांपेक्षा आणि माझ्यापेक्षाही तो त्या चित्राच्या अधिक जवळ गेला होता.

मग त्याने पुस्तकाचे नाव वाचले आणि हसला. ‘कोरा’ हा शब्द त्याने आयुष्यात किती वेळा लिहिला असेल! आमच्या जिल्ह्यात कोरा म्हटले की सातबाराच आठवतो. प्रत्येक निवडणुकीत मामा गावोगावच्या भिंतींवर ‘सातबारा कोरा’ रंगवायचा, एका भिंतीचे इतके रुपये या हिशेबाने. निवडणूक झाली की कुणीतरी चुना मारून भिंत पुन्हा कोरी करी. त्याचा स्वतःचा सातबारा मात्र तसाच. “ते कोरं आन् हे कोरं एक नाही,” तो म्हणाला. मला वाटते बरव्यांनाही हे मान्य झाले असते. त्यांचा कोरा कॅनव्हास पुसून काढलेला नसतो, काही सुरू होण्याआधीचा असतो.

‘कापूस पिकवणाऱ्या, कर्जात बुडालेल्या जिल्ह्याला ही चैन कशाला?’ असे कोणी म्हणेल. वर्गात म्हणालेही. मला या प्रश्नाचे फार वाईट वाटते. तो विचारणारा आपल्यासाठी आधीच ठरवून टाकतो की, आपण फक्त हुबेहूब गाडगेबाबा काढावेत आणि शहरातल्यांनी विचार करावा. कॅनव्हासचे कापडही सुतीच असते हो! आधुनिकतेच्या नावाखाली भोंदूगिरी चालते, हे खरेच. ती कवितेत चालत नाही काय? म्हणून आपण कविता अभ्यासक्रमातून काढली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन झाले, आणि फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले. चित्रांबरोबर त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होतो, वांग्याला सावल्या घालीत. बरव्यांचे एकही मूळ चित्र मी आजवर पाहिलेले नाही. ग्रंथालयाने निदान हे पुस्तक घ्यावे, अशी चिठ्ठी मी सूचनापेटीत टाकली आहे. वाचकांपैकी आणखी दोघा-चौघांनी टाकली तर बरे.

पुढच्या गॅदरिंगला चित्र लावणारच आहे. मामाने निळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा देऊ केला आहे. झाकण मात्र गंजले आहे; ते ठोकून उघडावे लागेल.