जाम झालेले चाक

पुढच्या मालमोटारीच्या पाठीवर ‘एअर ब्रेक’ ही अक्षरे वाचून आपण मुकाट्याने अंतर राखतो. हवेच्या दाबाने लागणारा हा ब्रेक मोठा जबरदस्त. परंतु या जबरदस्तीतच त्याची खोड आहे.

चाक जितके घट्ट आवळावे तितकी गाडी लवकर थांबते, हा समज फार हट्टी. फिरत्या टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, म्हणून त्याची पकड. चाक जाम झाले की रबर नुसते फरफटत जाते. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका! शिवाय बाजूची पकड बहुतेक नाहीशी होते. पुढची चाके जाम झाली, तर सुकाणू कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. मागची झाली, तर तिचे शेपूट पुढे येऊ पाहते. ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी असेल, तर मागचा ट्रेलर ढकलतो आणि दोन्ही चाकूच्या पात्याप्रमाणे मिटतात. शेजारून जाणाऱ्या छोट्या मोटारीचे मग काय होत असेल ते सांगायला नकोच. मौज अशी, की हा धोका रिकाम्या गाडीला अधिक! ब्रेक असतात भरल्या वजनाच्या हिशेबाने. रिकाम्या गाडीची मागची चाके रस्त्यावर हलकी टेकलेली, ती चटकन अडतात.

‘एबीएस’ म्हणतात ती यंत्रणा इथे कामास येते. चाकाच्या तुंब्यावर एक दातेरी कडे असते, शेजारी चुंबकाचा सेन्सर. एकेक दाता समोरून गेला की विजेचा ठोका उमटतो, आणि त्यावरून गाडीतला छोटा संगणक चाकाचा वेग ओळखतो. एखादे चाक अवाजवी झपाट्याने मंदावले, की ब्रेककडे जाणाऱ्या नळीतल्या व्हॉल्व्हला हुकूम सुटतो : आणखी हवा आत घेऊ नकोस, तेवढ्याने भागत नसेल तर थोडी बाहेर सोड. चाक फिरू लागले की पुन्हा हवा आत. हे सेकंदात अनेकदा. जुने ड्रायव्हर पाय दाबून-उचलून हेच साधू पाहत. पण पाय एक आणि चाके अनेक! या यंत्रणेच्या गाडीत मात्र पाय दाबूनच धरावयाचा.

१९५०च्या दशकात ही युक्ती विमानांच्या चाकांवर आली. मालमोटारींचा मार्ग काही इतका सरळ नव्हता. अमेरिकेत १९७५ साली नियम लागू झाला; उपकरणे भरवशाची नाहीत म्हणून १९७८ मध्ये न्यायालयाने तो भाग रद्द केला, आणि नव्या ट्रॅक्टरांवर सक्ती पुन्हा आली ती थेट मार्च १९९७ पासून. मला न्यायालयाचे म्हणणे रास्त वाटते. अर्धवट यंत्रावर भिस्त ठेवण्यापेक्षा सावध पाय बरा.

घाट उतरताना तापून निकामी झालेल्या ब्रेकला मात्र हिचा काही उपयोग नाही. तिथे खालचा गिअरच हवा. आणि ड्रायव्हरशेजारी बसण्याचा योग आला, तर समोरचा पिवळा दिवा पाहा. किल्ली फिरवताच तो लागतो व थोड्या वेळाने विझतो. विझला नाही, तर साधा ब्रेक लागेल, पण चाक जाम होण्यापासून राखणारे कोणी नाही असे समजावे.