दारातले उत्तर

गेल्या नाताळातली गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या आंटी केक आणि कुलकुलचे ताट घेऊन आल्या. दार आमच्या धाकट्याने उघडले. "हॅपी ख्रिसमस, बेटा," आंटी म्हणाल्या. त्याने ताट घेतले आणि मान खाली घालून गप्प उभा राहिला. आंटी क्षणभर थांबल्या, मग जिना चढून गेल्या.

विचारले तेव्हा म्हणाला, "अब्बा, तसं बोललं तर गुनाह होतो, मुलं म्हणतात."

चूक त्याची नव्हती. आम्ही शाळेत दोन भाषा शिकवतो, पण आपल्याच मुलाला दारातले उत्तर शिकवायचे राहून गेले. याच आंटी रमजान ईदच्या सकाळी न चुकता "ईद मुबारक" म्हणायला येतात.

या प्रश्नावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. फतवा देणे आमचे काम नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण सूरह निसाच्या 86 व्या आयतीत शिकवण आहे की, कुणी अभिवादन केले तर त्याहून चांगले, निदान तेवढेच उत्तर द्यावे. गप्प राहायला त्यात जागा दिसत नाही.

सणाचे नाव घ्यायला ज्यांचे मन कचरते, त्यांच्यासाठीही शब्द आहेत. "सुट्टी मजेत जावो." "नवे वर्ष सुखाचे जावो." "अल्लाह तुम्हा सर्वांना खुशाल ठेवो." जानेवारीत संक्रांतीला शेजारी तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतात. गोड बोलायला कोणाची मनाई आहे?

आणि सण एका जागी थांबत नाहीत. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2000 साली रमजान ईद नाताळनंतर दोन-तीन दिवसांतच आली होती. 2030 मध्ये डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा रमजानचा चाँद दिसेल. तेव्हा दोन्ही मुबारकबाद एकाच जिन्यावर भेटतील.

शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये, ही अम्मीची शिकवण. त्या संध्याकाळी ताटात गाजराचा हलवा घालून धाकट्याला वर पाठवले. काय बोलायचे ते त्याच्यावरच सोडले. खालून आवाज ऐकू आला, "आंटी, सुट्टी मजेत जावो!" मग आंटींचे हसणे.

वाचकहो, या डिसेंबरात बेल वाजण्याआधीच मुलांना घेऊन बसा आणि आपल्या घराचे उत्तर ठरवा.