गाव उठवून सजवलेली उद्याने

मालवण तालुक्यातील आचरा हे गाव तीन-चार वर्षांतून एकदा पूर्णपणे रिकामे होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला, की ठरलेल्या दिवशी घरांना कुलपे लागतात आणि माणसे, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे असा अवघा संसार वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री खाडीकाठी, शेतमळ्यांत, शेजारच्या गावांच्या हद्दीत झोपड्या घालून लोक राहतात. यात जातीचा किंवा धर्माचा अपवाद नाही. गावातील मुसलमान कुटुंबेही घरे सोडून बाहेर पडतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि गाव परत भरते. हीच ती गावपळण. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही ती पाळली जाते.

या प्रथेविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुधा कुतूहल तरी असते किंवा उपहास तरी. भुताखेतांच्या भयाने गाव सोडण्याच्या समजुतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. तसेच हवापालटाच्या नावाखाली तिच्यावर विज्ञानाची झूल चढवण्याचीही गरज नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. माणसांवाचूनची शांत, मोकळी भूमी हीच निसर्गशोभेची परमावधी मानून तिच्यासाठी गावे रिकामी करण्याचा उद्योग जगात एका देशाने मोठ्या थाटाने केला होता. आचऱ्याच्या गावपळणीचा अर्थ कळायचा, तर त्या उद्योगाचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

तो देश म्हणजे अठराव्या शतकातील इंग्लंड. तेथील उमरावांच्या ग्रामीण वाड्यांभोवती पसरलेली विस्तीर्ण हिरवी उद्याने आज पाहणाऱ्याला निसर्गाची सहज देणगी वाटतात. वस्तुतः त्यांतला जवळजवळ प्रत्येक चढउतार माणसाने आखलेला आहे. या कलेचा सर्वांत मोठा कारागीर लान्सलॉट ब्राऊन (१७१६–१७८३). कोणतीही जहागीर पाहिली, की हिच्यात फार शक्यता आहेत, असे तो मालकाला सांगे. म्हणून ‘केपेबिलिटी ब्राऊन’ हेच त्याचे नाव रूढ झाले. त्याने जुने चौकोनी वाफे आणि कातरलेली कुंपणे मोडली, वाड्याच्या उंबऱ्यापर्यंत गवताची मैदाने आणली, ओढ्यांना बांध घालून वळणावळणांची तळी केली आणि दूरच्या टेकाडांवर झाडांचे पुंजके लावले. कुंपण दिसले तर शोभा भंगते, म्हणून ‘हाहा’ असे चमत्कारिक नाव असलेला खंदक खणला जाई. वाड्याच्या खिडकीतून पाहिले, तर हिरवळ थेट गुरांच्या कुरणापर्यंत अखंड पसरलेली दिसे; पण गुरांना मात्र खंदकातील भिंत ओलांडता येत नसे. मालकी कायम ठेवून तिचे कुंपण तेवढे नजरेआड करण्याची ही युक्ती होती.

गुरांची व्यवस्था अशी खंदकाने झाली. पण वाड्यासमोरच वसलेल्या माणसांचे काय करायचे? डॉर्सेट परगण्यात मिडलटन नावाचे बाजाराचे जुने गाव होते. जोसेफ डेमर, म्हणजेच पुढे लॉर्ड मिल्टन, याने १७५२ साली तेथील जहागीर विकत घेतली. वाड्याच्या इतक्या निकट गजबजलेला बाजार त्याच्या डोळ्यांना खुपू लागला. घरांचे भाडेपट्टे जसजसे संपत गेले, तसतशी घरे पाडली गेली आणि १७८० च्या सुमारास नजरेच्या टप्प्याबाहेरच्या एका दरीत, एकाच साच्यातील गवती छपरांच्या घरांचे नवे गाव वसवण्यात आले. त्याच्या आखणीतही ब्राऊनचा हात होता. आज मिल्टन ॲबस या नावाने ते गाव छायाचित्रकारांच्या आवडीचे आहे. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनम कोर्टनी गावाची कथा अशीच. ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७७० मध्ये उजाड गावावर जे काव्य प्रसिद्ध केले, त्यामागे याच गावाची स्मृती असावी, असे मानले जाते.

या उठाठेवींना कायद्याची चौकट अनुकूल होती. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर सामाईक जमिनी आणि शेते खासगी कुंपणात घातली. रानात हिंडण्याचा जो हक्क असा गेला, त्यातला मर्यादित वाटा इंग्लंड-वेल्समधील जनतेला कायद्याने परत मिळण्यास २००० साल उजाडावे लागले.

ही इंग्रजी रुची संस्थानिकांच्या द्वारे आपल्याकडेही पोहोचली. बडोद्यात सयाजीरावांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची उद्याने विल्यम गोल्डरिंग या इंग्रज रचनाकाराने आखली. सावंतवाडीत राजवाड्यासमोर मोती तलाव आहे खरा. पण त्याच्या काठाने रहदारीचा रस्ता आहे आणि संध्याकाळी सारे शहर तेथे येऊन बसते. तळ्यासाठी शहराला दृष्टिआड व्हावे लागले नाही.

आचऱ्याकडे वळले, म्हणजे हा फरक अधिक ठळक होतो. रामेश्वर संस्थानाच्या नावातच ‘इनामदार’ हे बिरुद आहे. म्हणजे जहागीर येथेही होती. पण जहागीरदाराच्या खिडकीतून गाव कसे दिसते, हा प्रश्न येथे उद्भवला नाही. कोकणातील भूमीची शोभा राखली गेली, ती गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांतून. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा असाच एक निर्बंध. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवराया धुंडाळून त्यांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा या निर्बंधाचे मोल अभ्यासकांना कळले. सड्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. महसुली दप्तराला जांभ्याचा सडा बहुधा पोटखराब दिसतो. पण पावसाळ्यात तोच सडा फुलांनी भरून जातो, गुरांना चारा देतो आणि पाणी जिरवून खालच्या वाड्यांच्या विहिरी जागत्या ठेवतो. मालवण तालुक्यातीलच कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेली चित्रे आहेत, आणि कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ज्या जमिनीला दप्तराने खराब म्हटले, तिची ही योग्यता!

या गावव्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील उणिवा झाकू नयेत. कौल घेण्याचा आणि मानपानाचा अधिकार वंशपरंपरेने ठराविक घराण्यांकडे राहिला. गावपळणीत सर्वांनी गाव सोडायचे. गावाच्या निर्णयात मात्र सर्वांना सारखा आवाज नव्हता. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला देवराईच्या पावित्र्याने पोटाला काही मिळाले असेल, असेही नाही. ती उणीव भरून काढण्याची जागा आज ग्रामसभा हीच आहे.

आणि ग्रामसभेपुढे आज खरोखरच मोठा प्रश्न उभा आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा ठरला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. किनाऱ्याच्या आणि सड्याच्या जमिनींना भाव आला. आचऱ्याच्या शेजारी तोंडवळी-वायंगणी परिसरात शेकडो एकरांवर ‘सी वर्ल्ड’ नावाचे सागरी क्रीडोद्यान उभारण्याची योजना आली, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी भूसंपादनाला विरोध केला. जे गाव तीन दिवसांसाठी आपखुशीने घरे सोडते, ते कायमचे उठायला तयार होत नाही, यात विसंगती शोधणाऱ्यांना गावपळण कळलेलीच नाही.

पर्यटन नकोच, असे म्हणणे सोपे आहे. परंतु मुंबईची वाट धरलेल्या तरुणांना ते पटणार नाही, आणि पटावे तरी का? न्याहारी-निवासाच्या चार खोल्यांनी कुणाचा भूगोल बदलत नाही. भय आहे ते सड्यावर जांभा फोडून, बाहेरून माती आणून, गवताचा गालिचा अंथरणाऱ्या आणि भोवती उंच चिरेबंदी भिंत घालणाऱ्या नव्या जहागिरीचे. जुन्या गडग्यांना बेडे असे. त्यातून पायवाट समुद्राला आणि खाडीला जाई. नव्या भिंतीला फाटक असते आणि फाटकाशी पहारेकरी. इंग्रज उमरावाने निदान कुंपण लपवण्याची लाज बाळगली होती.

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याखालील गावच्या नोंदवहीत देवराई, सडा, झरे आणि चराईच्या जागा नावानिशी लिहिल्या जाव्यात. जुन्या पायवाटांची नोंद शेजारीच व्हावी. बिनशेती परवानगी देण्यापूर्वी ती वही ग्रामसभेत वाचली जावी. यासाठी नवी समिती नेमण्याचेही कारण नाही. शिवाय आचरेकरांच्या दृष्टीने एक प्रश्न अगदी रोकडा आहे. गावपळणीला गावाबाहेर मोकळी जमीन लागते, आणि ती जमीन पुष्कळदा दुसऱ्या कुणाची असते. पुढच्या खेपेस झोपड्या घालण्यासाठी वेशीपलीकडे अशी किती जागा बिनकुंपणाची उरली आहे, हे महसुली दप्तर आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून आठ दिवसांत सांगता येईल. आचऱ्याच्या ग्रामसभेने ही मोजणी आताच मागावी.